ट्रकची घरघर आणि पाच सेंटिमीटरचं पॅनेल

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रात्री मालाचे ट्रक येतात. इंजिन चालू ठेवून उभा राहिलेला ट्रक शेजारच्या इमारतीत कानापेक्षा छातीत जास्त जाणवतो. मग झोपेपायी कुणीतरी बेडरूमच्या भिंतीला ‘साउंडप्रूफ’ पॅनेल लावायचं ठरवतं. पैसे मोजण्याआधी जरा हिशेब करू.

सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चालत असेल, तर सेकंदाला ३० स्फोट होतात. म्हणजे घरघरीचा मुख्य सूर ३० हर्ट्झचा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. तेव्हा ही लाट झाली ११ मीटरहून लांब.

फोम किंवा रॉकवूल आवाज खातं ते घर्षणानं. त्याच्या छिद्रांतून हवा पुढेमागे हलली पाहिजे, तरच ऊर्जेची उष्णता होते. पण भिंतीला टेकलेली हवा हलणार कुठे? ती सर्वांत जास्त हलते भिंतीपासून पाव लाटेवर. १००० हर्ट्झला हे अंतर साडेआठ सेंटिमीटर, म्हणून पाच सेंटिमीटरचं पॅनेल तिथे चांगलं काम देतं. ३० हर्ट्झला ते २.८ मीटर. म्हणजे पॅनेल टांगायचं कुठे, तर पलंगाच्या वर, खोलीच्या मध्यात!

खोक्यावर ‘एनआरसी ०.८’ छापलेलं असतं. हा आकडा २५०, ५००, १००० आणि २००० हर्ट्झ यांची सरासरी. त्याखालच्या सुरांचा त्यात प्रश्नच विचारलेला नाही.

आणि शब्दांची गल्लत निस्तरणं हा तर आमचा जुना धंदा. शोषणं वेगळं, अडवणं वेगळं. पॅनेल खोलीतला घुमारा कमी करतं. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. तिथेही वजन दुप्पट केलं तर फार तर सहा डेसिबल मिळतात, आणि खालचे सूरच सर्वांत सहज आत शिरतात.

तक्रार करावी, तर २००० सालच्या नियमांत निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पण मोजणी ‘ए’ पट्टीवर, आणि ती ३० हर्ट्झचे सुमारे ४० डेसिबल वजा करते. ७५ डेसिबलची घरघर मीटरवर ३५ दिसते. झोप उडालेली, मीटर खूश!

बंद पोकळीचे किंवा थरथरत्या पत्र्याचे शोषक खालच्या सुरांसाठी बनवता येतात, पण तेही खोलीतल्याच आवाजासाठी, आणि जागा खातात. त्यापेक्षा सोसायटीनं ट्रकवाल्यांशी बोलून उभ्या गाडीचं इंजिन बंद ठेवायला सांगावं. त्याला खर्च नाही.