दवाखाना कसा तपासावा?

आउट पासवर बाहेर पडलो की बेंगळुरूत गल्लोगल्ली खासगी दवाखाने दिसतात. काचेचे दार आणि एसी पाहून आपण म्हणतो, हा चांगला असणार. पण आमचे उस्ताद रायफल तपासताना आधी नळीत डोकावतात, वरची चमक नंतर बघतात. दवाखानाही तसाच तपासावा.

पहिली गोष्ट नोंदणी. कर्नाटकच्या २००७ च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यानुसार लहान दवाखान्यालाही नोंदणी करावी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र आणि दरपत्रक सर्वांना दिसेल असे लावावे लागते. शिवाय 'एनएबीएच'ची मान्यता असेल तर उत्तमच. ती मात्र ऐच्छिक असते.

दुसरी गोष्ट उपकरणे. टाके घालायची उपकरणे नुसती उकळून चालत नाहीत. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी ९७ अंशांच्या आसपासच उकळते. काही जंतूंचे बीजाणू तर १०० अंशांनाही दाद देत नाहीत. म्हणून ऑटोक्लेव्ह लागतो. तो एक प्रकारचा प्रेशर कुकरच असतो. दाबामुळे त्यातली वाफ १२१ अंशांपर्यंत तापते. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असेल, तर ते पाकीट त्या वाफेतून गेले आहे असे समजावे.

तिसरी गोष्ट कचरा. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, सलाईनच्या नळ्या लाल पिशवीत, औषधांच्या काचेच्या कुप्या निळ्या डब्यात आणि सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या जाड डब्यात जातात.

सुईचा प्रश्न तर जिवाचा आहे. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा येथे वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने हिपॅटायटिस-बी पसरला आणि अनेक माणसे दगावली. ती माणसे बरी व्हायलाच दवाखान्यात गेली होती.

चौथी गोष्ट हात. साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डॉक्टरांना विचारायचे कसे, असा संकोच आपल्याला वाटतो. पण "सर, सिरिंजचे पाकीट माझ्यासमोर उघडाल का?" असे नम्रपणे विचारले तर चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही. सुट्टीत आजी-आजोबांना दवाखान्यात घेऊन जाताना तर हे जरूर विचारावे. ते स्वतः कधी विचारणार नाहीत.