वेताळ, व्हॅम्पायर आणि पद्मपूरचा कवी

२०२५ च्या दिवाळीत ‘थामा’ नावाचा एक हिंदी चित्रपट आला. रक्त पिणाऱ्या बेताळांची एक जमात अरण्यात राहते, तीमधील एका तरुणीवर एका वार्ताहराचा जीव जडतो आणि पुढे तो स्वतःच बेताळ होतो, असे त्याचे कथानक. प्रेक्षकाने भ्यावे, हसावे आणि शिवाय त्या जोडप्याचे कल्याण चिंतावे, अशी तिहेरी अपेक्षा. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे मराठी गृहस्थ. तरुण मंडळींना हा प्रकार रुचतो. आमच्या वयाची मंडळी मात्र नाके मुरडतात. भुताने भिववावे, विदूषकाने हसवावे, प्रियकराने प्रेम करावे. तिन्ही कामे एकाच्याच गळ्यात घालणे ही विलायती भेसळ होय, असा त्यांचा सूर असतो. आमचे म्हणणे थोडे निराळे आहे. ही भेसळ विलायती नाही. ती आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिचा एक थोर कर्ता आपल्याच मुलखातला. मात्र ती साधण्याला एक अट असते, आणि त्या अटीविषयीच आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम व्हॅम्पायर म्हणजे काय ते पाहू. युरोपच्या पूर्वेकडील खेड्यांत अशी समजूत होती की, काही मेलेली माणसे थडग्यातून उठून जिवंतांचे रक्त शोषतात. १७२५ व १७३२ साली सर्बियाच्या मुलखात ऑस्ट्रियन अंमलदारांनी अशा प्रकरणांचे रीतसर अहवाल लिहिले. थडगी उघडली तो प्रेते फुगलेली, तोंडाशी रक्तासारखा द्रव. आज वैद्यकशास्त्र सांगते की कुजणाऱ्या देहात वायू साठला म्हणजे असे घडतेच. पण गावकऱ्यांना ते भरपेट जेवलेले भूत वाटले आणि त्यांनी छातीत खुंटी ठोकली. हा मूळचा व्हॅम्पायर म्हणजे एक गावंढळ, सुजलेला मुडदा. त्याच्यावर कोण प्रेम करणार? त्याला सभ्य पोशाख चढवला तो १८१९ साली जॉन पॉलिडोरी या तरुण डॉक्टराने. त्याच्या गोष्टीतला रक्तपिपासू हा देखणा, थंड डोळ्यांचा उमराव आहे. मग १८७२ मध्ये शेरिडन ल फान्यूची ‘कार्मिला’ आणि १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ आली. भय आणि ओढ एकाच देहात नांदू लागली ती अशी. हसू सर्वांत शेवटी आले, आणि ते मुख्यतः चित्रपटाने आणले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. व्हॅम्पायरला देह लागतो, आणि देह राहतो तो पुरल्यामुळे. आपण बहुतेक जण प्रेत जाळतो. सकाळी राख सावडल्यावर परत यायला उरते काय? म्हणून आपले भूत देहाविना हिंडते व दुसऱ्याचा देह उसना घेते. ‘झपाटणे’ हा शब्द त्या उसनवारीचाच. महेश कोठारे यांनी १९९३ साली आपल्या विनोदी भयपटाला ‘झपाटलेला’ हे नाव दिले, तेव्हा हे सारे लोकशास्त्र त्यांनी एका शब्दात सांगितले. फरक इतकाच की तेथे देह माणसाचा नसून बाहुल्याचा होता.

आपल्या भुतांची दुसरी खूण अशी की त्यांना रक्ताची तहान क्वचित. वासना असते ती अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याची. मुंज झाली पण लग्नापूर्वीच गेला तो मुंजा, तो पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. प्रत्येकाचे नाव म्हणजे आयुष्याचा कोणता टप्पा चुकला त्याची नोंद. सरपोतदारांच्याच २०२४ च्या ‘मुंज्या’ चित्रपटात मुंजाला लग्न करावयाचे आहे, आणि हसू व भय दोन्ही त्या एका हट्टातून निघतात. लोककथेने बी पेरलेलेच होते.

आता वेताळ. कोकणात व गोव्यात तो गावाचा राखणदार देव आहे, पुण्यात त्याच्या नावाची टेकडी आहे. कथांतला वेताळ श्मशानातील झाडाला लटकलेल्या प्रेतात शिरून बोलतो. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त या पंचवीस कथा गुंफल्या. त्यांचा नायक त्रिविक्रमसेन हा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा राजा. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८३० साली ‘वेताळ पंचविशी’ मराठीत आणली, आणि मराठी गद्य नुकते छापखान्यात पाऊल टाकीत होते तेव्हाच हे भूत आपल्या घरात आले.

१८७० मध्ये रिचर्ड बर्टन या इंग्रजाने त्याच कथा आपल्या ढंगाने इंग्रजीत सांगितल्या आणि ग्रंथाच्या नावातच वेताळाला ‘व्हॅम्पायर’ करून टाकले. हे भाषांतर आम्हांला मुळीच मान्य नाही. आपला वेताळ राजाचे रक्त मागत नाही. तो कोडी घालतो, आणि राजा बोलला की पुन्हा झाडावर जाऊन लटकतो. पण गंमत पाहा. पुढे ‘ड्रॅक्युला’ लिहिणारा स्टोकर या बर्टनला चांगला ओळखत होता. अभिनेता हेन्री अर्व्हिंग याच्या आठवणींचा ग्रंथ त्याने १९०६ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात बोलताना बर्टनचा वरचा ओठ उचले आणि सुळा चमके, असे त्याने नमूद केले आहे. यावरून काही सिद्ध होते असे आम्ही म्हणत नाही. पण ‘थामा’तील रक्त पिणाऱ्या बेताळाचे कूळ शोधू गेल्यास बर्टनच्या त्या शीर्षकाशी थांबावे लागते.

पंचविशीतील एक कथा घ्या. मंदारवती नावाच्या ब्राह्मणकन्येसाठी तीन तरुण झुरत असतात. ती तापाने मरते. एक जण तिच्या राखेवरच श्मशानात बिछाना घालतो, दुसरा अस्थी घेऊन गंगेला जातो, तिसरा बैरागी होऊन हिंडतो आणि मेलेल्यास उठवण्याचा मंत्र मिळवून येतो. मुलगी उठते, तिघे भांडू लागतात. बायको कुणाची? राजा म्हणतो, जीव दिला तो बापाच्या जागी, अस्थी नेल्या तो मुलाच्या जागी. राखेवर निजला तोच नवरा. प्रेम आहे, श्मशान आहे, आणि त्या तिघांची तकरार ऐकून ओठांवर हसूही येते. आणि सांगतो आहे कोण? राजाच्या खांद्यावरचे प्रेत!

हे सगळे एकत्र कसे नांदते? येथे आपल्या साहित्यशास्त्राने फार सूक्ष्म विचार केला आहे. भरताने नाट्यशास्त्रात सांगितले की शृंगारापासून हास्य उपजते आणि बीभत्सापासून भयानक. म्हणजे आमच्या विषयातील सारे रस या दोन जोड्यांत आलेच. अडचण आहे ती या जोड्या एकमेकींशेजारी बसवण्याची. नवव्या शतकातील आनंदवर्धन सांगतो की जे रस परस्परविरोधी आहेत त्यांच्या मध्ये तिसरा रस घालावा. त्याचे उदाहरण असे: रणात पडलेले वीर विमानात अप्सरांच्या मिठीत बसून खाली आपलीच प्रेते पाहत आहेत. मिठी आणि कोल्ह्यांनी वेढलेले प्रेत एकाच श्लोकात. पण मध्ये वीररस आहे म्हणून किळस प्रेमावर शिंतोडे उडवीत नाही. आमच्या मते अट ती हीच. भय आणि प्रीती यांच्यामध्ये एक सांधा हवा. वेताळाच्या कथेत तो सांधा कोड्याचा आहे, आजच्या चित्रपटात विनोदाचा.

आणि आता आपल्या मुलखाकडे वळू. आठव्या शतकातला भवभूती ‘मालतीमाधव’ या नाटकाच्या प्रस्तावनेत आपले घराणे विदर्भातील पद्मपूरचे, असे सांगतो. हे पद्मपूर म्हणजे आमगावजवळचे पदमपूर, असा निर्णय महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी दिला. पद्मपूरहून दिलेला एक अपुरा वाकाटक ताम्रपट दुर्ग जिल्ह्यात सापडला आहे, त्याचाही या विचाराला आधार आहे. मिराशींचे म्हणणे आम्हांला पटते. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि पदमपूर कागदोपत्री तिकडे गेले. पण कवी काही सरकारी राजपत्राने वाटून घ्यावयाचा नसतो.

या नाटकाचा पाचवा अंक ज्यांनी वाचला नसेल त्यांनी जरूर वाचावा. विदर्भाच्या मंत्र्याचा मुलगा माधव पद्मावती नगरीत शिकावयास आला आहे. तेथल्या मंत्र्याची मुलगी मालती त्याला आवडते, पण राजाला तिचे लग्न आपल्या मर्जीतल्या नंदनाशी लावायचे आहे. हताश झालेला माधव रात्री श्मशानात जातो. हातात नरमांस. ते भुतांना विकून त्यांच्या साहाय्याने मालती मिळवावी, हा बेत. प्रेमाचे नाटक चालू असता नायक मांस विकण्यास उभा! खजुराच्या झाडासारख्या उंच पायांची, कानापर्यंत फाटलेल्या तोंडांची पिशाचे भोवती नाचतात. एक दरिद्री पिशाच प्रेत मांडीवर घेऊन निवांतपणे हाडांमधले मांस टोकरीत बसले आहे. उपाशी माणूस एखाद्या पंक्तीत बसावा तसे. या वर्णनात किळस आहे तशी कणवही आहे, आणि बारीकसे हसूही.

पण या पिशाचांपैकी एकही माधवाच्या केसाला धक्का लावीत नाही. मांसाचा सौदा होतच नाही. तेवढ्यात शेजारच्या कराला देवीच्या देवळातून ओळखीची किंकाळी येते. अघोरघंट नावाचा कापालिक आपल्या मंत्रसाधनेसाठी मालतीला बळी देण्यास निघाला आहे, त्याची शिष्या कपालकुंडला जवळ उभी. माधव धावतो आणि अघोरघंटाला ठार करतो. श्मशान आणि प्रेम यांच्यामध्ये वीररसाचा सांधा पडला. वेताळ पंचविशीचा शेवट आठवा. तेथेही भूत राजाला सावध करते, आणि राजाचा बळी देऊ पाहणारा निघतो तो क्षान्तिशील नावाचा साधू. युरोपच्या कथेत रक्त भूत मागते. आपल्या या दोन्ही कथांत रक्त मागतो तो जिवंत माणूस, आणि तेही सिद्धीसाठी.

हा भेद केवळ पंडिती नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. त्या कायद्याच्या लांबलचक नावात ‘नरबळी’ हा शब्द आहे आणि ‘अघोरी’ हाही. भवभूतीनंतर बाराशे वर्षांनी अघोरघंटासाठी कायदा करावा लागला. तो कायदा भुताच्या गोष्टीला हात लावीत नाही, आणि लावूही नये. भीती दाखवून पोरगी किंवा पैसा मागणारा कोण आहे, हे चांगली भुताची गोष्टच आधी ओळखावयास शिकवते. एखाद्या विधवेकडे बोट दाखवून ‘हिने करणी केली’ म्हणणाऱ्या गावात भूत कोण आणि अघोरघंट कोण, हे ज्याचे त्याने पाहावे.

हास्याचे काय? भवभूतीने आपल्या नाटकांतून विदूषकाला रजा दिली, हे प्रसिद्धच आहे. गंभीर गृहस्थ. ज्या भूमीत आज झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते आणि विनोदी पात्र आले नाही तर मंडईची गर्दी चुळबुळू लागते, त्याच भूमीतला हा कवी विदूषकावाचून नाटक लिहितो! पण हसू त्याने टाळले नाही. ते पात्राकडून काढून प्रसंगाकडे दिले. माधवाचा मित्र मकरंद मालतीचा वधूवेष घालून नंदनाशी लग्न लावून घेतो, आणि पहिल्या रात्री लगट करू पाहणारा नवरदेव या ‘वधू’कडून यथेच्छ मार खातो. नंदनाची बहीण मदयंतिका वहिनीला जाब विचारावयास येते आणि बोलण्याच्या ओघात आपले मन मकरंदावर बसल्याची कबुली देते. तो मकरंद पदराआड ऐकत पडला आहे, हे तिला ठाऊक नाही. नरबळीच्या अंकानंतर दुसऱ्याच अंकावर हे येते.

हे तीन धागे आधुनिक मराठीत तितके गुंफले गेले नाहीत. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भय अस्सल उभे केले. स्टीफन किंगच्या १९७५ च्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेल्या ‘लुचाई’त त्यांनी रक्तपिपासूला मराठी गावात आणून बसवले; परंतु हसण्याला त्यांच्याकडे फारशी जागा नाही. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांत माणसाच्या मनाचा अंधार अधिक. उलट चित्रपटवाले हसवण्यात इतके रमतात की भूत बिचारे घरगडी होऊन जाते. विनोद हा सांधा आहे, पण तो पातळ झाला की भय गळून पडते, आणि भय गेले की प्रेमिकांना गमावण्यासारखे काही उरत नाही. मग त्यांचे मीलन झाले काय अन् न झाले काय!

आमची एक सूचना आहे. ‘मालतीमाधव’चे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री राजवाडे यांनी पूर्वीच करून ठेवले आहे, पण ग्रांथिक भाषा बाजूला सारून कुणी तरी हे नाटक झाडीबोलीत उतरवावे आणि वडशाच्या एखाद्या मंडळीने ते दिवाळीनंतरच्या हंगामात उभे करावे. खजुरासारख्या पायांची पिशाचे दंडारीत वाढलेल्या कलावंतांना अवघड जाणार नाहीत. पुरुषाने वधू होऊन नवरदेवाला बडवणे तर खडी गंमत पाहिलेल्या प्रेक्षकाला शिकवावे लागणार नाही. अडचण येईल ती कपालकुंडलेची. गुरूच्या वधाचा सूड म्हणून ती पुढे मालतीला पळवून नेते, आणि तिच्या तोंडी एकही हशाचे वाक्य नाही. ती भूमिका करणारी नटी मिळाली, तर पाचव्या अंकाला मंडपातील कुणीही शेंगा सोलणार नाही.