स्वस्त गाडी, चोख हिशेब

मंगोल रॅली २००४ साली ब्रिटनमधून सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत मुक्काम गाठायचा तो थेट मंगोलियाचा, आणि गाडी मुद्दाम लहान: मोटार असेल तर इंजिन एक लिटरपर्यंतचं, मोटारसायकल असेल तर १२५ सीसीपर्यंतचं. शिवाय प्रत्येक चमूने किमान एक हजार पौंड समाजकार्यासाठी जमवायचे, प्रवेशशुल्क वेगळं. मला यातली ही शेवटची अट सगळ्यांत मोलाची वाटते. आपल्याकडे मित्रमंडळींनी असा दौरा काढायचा तर तिथूनच सुरुवात करावी. पेट्रोल, जेवण, मुक्काम ज्याच्या त्याच्या खिशातून. देणगीतला रुपयाही प्रवासावर नाही.

हे परवडतं ते गाडी स्वस्त असते म्हणून. जुनी स्प्लेंडर घ्या. लिटरला पन्नास-साठ किलोमीटर ती आरामात देते आणि तिचे पार्ट हायवेवरच्या पत्र्याच्या गॅरेजातही मिळतात. सगळ्यांनी एकाच मॉडेलच्या गाड्या घेतल्या तर सामानाची एकच पिशवी सगळ्यांना पुरते. सेकंडहँड घेताना चेसिस नंबर आरसीशी ताडून पाहावा, नोंदणीला पंधरा वर्षं झाली असतील तर नूतनीकरण झालंय का ते बघावं, आणि फॉर्म २९ व ३० भरून गाडी नावावर करून घ्यावी. विमा आणि पीयूसी चालू हवेतच.

आता पैसा. रस्त्यात डबा फिरवून वर्गणी गोळा करायचा मोह होतो, तो आवरावा. महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे जमवायचे तर धर्मादाय आयुक्तालयाची कलम ४१ क खाली परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच. त्यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे आधी नोंदणीकृत संस्था निवडायची, तिच्याशी बोलायचं, आणि देणगीदाराने पैसे थेट तिच्याच खात्यात भरायचे. पावती संस्थेची, आपण फक्त निरोपे. प्राप्तिकरातली सवलत हवी असणाऱ्याने दोन हजारांच्या वरची रक्कम रोखीत देऊ नये, ती सवलतीला धरत नाहीत. अमेरिकेतल्या मावसभावाला मदत करायची असेल, तर त्याचा पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय असेल तर अडचण नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते.

लोकांना किलोमीटरमागे देणगी द्यायला आवडतं. दोन रुपयांचा शब्द दिला आणि पाचशे किलोमीटर झाले, तर हजार रुपये. मात्र रोज रात्री ओडोमीटरचा फोटो सगळ्यांना पाठवावा.

रस्त्यावर वेग ठरवते ती ताफ्यातली सगळ्यांत मंद गाडी, म्हणून तिला सगळ्यांत पुढच्या गाडीच्या लगेच मागे ठेवतात. हत्यारं शेवटच्या गाडीवर, कारण बंद पडलेल्या गाडीपाशी तीच पोचते. फाट्यावर एकाने थांबायचं आणि शेवटची गाडी दिसल्याशिवाय हलायचं नाही. घाटात एकामागे एक. उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडणं हा पेट्रोल वाचवण्याचा सगळ्यांत महागडा प्रकार आहे: जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक सतत दाबून तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. दुसऱ्या गिअरवर उतरावं.

क्लच केबल तुटणं हा नेहमीचा आजार. त्यावर जुने मेकॅनिक एक इलाज सांगतात. निघण्याआधीच नवी केबल जुनीच्या बाजूने हँडलपासून इंजिनपर्यंत ओढून, टेपने बांधून ठेवायची. जुनी तुटली की टाकी काढायला नको. दोन्हीकडची टोकं बदलली, नट आवळून लिव्हरला थोडा प्ले ठेवला, की गाडी चालू. प्लग काळा पडला तर पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसवायचा.

दौरा संपल्यावर गाड्या विकायच्या असतील, तर ते पैसे मालकाचे की संस्थेचे हे निघण्याआधी लिहून ठेवावं. विकताना पुन्हा फॉर्म २९-३०, नाहीतर पुढच्या मालकाचं चलन आपल्या नावावर येतं. आणि संस्थेला मिळालेल्या एकूण रकमेचं पत्र तिच्याकडून घेऊन ते प्रत्येक देणगीदाराला पाठवावं, पन्नास रुपये देणाऱ्यालासुद्धा.