घरातलं गोडं पाणी (भाग ९) : मांडणी बदलताना

दिवाळीची साफसफाई निघाली की बैठकीतल्या फिश टँकचीही पाळी येते. मासे बादलीत काढायचे, टँक गच्चीवर न्यायचा, खडी नळाखाली खळखळून धुवायची, फिल्टरचा स्पंज पांढरा होईस्तोवर पिळायचा. मग नवी झाडं, नवे दगड, नवा दिवा. दोन दिवस टँक फार देखणा दिसतो. नंतर पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंडं वासू लागतात, आणि घरात सगळे म्हणतात, "नवं पाणी मानवलं नाही."

खरं तर त्या धुण्यात टँकमधले जिवाणू गेलेले असतात. माशांच्या कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया येतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन माशांना विषारी, तिसरं त्या मानानं सौम्य, आणि झाडं ते वापरून टाकतात. हे जिवाणू मुख्यतः स्पंजवर, खडीवर, लाकडावर चिकटून राहतात आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनपुढे टिकत नाहीत. म्हणून माझा आग्रह आहे की मांडणी खुशाल बदला, पण टँक कधीही पूर्ण रिकामा करू नका. ज्या आठवड्यात झाडं-दगड हलवायचे, त्या आठवड्यात फिल्टर उघडायचा नाही. तो नंतर कधीतरी, टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच खंगाळायचा.

आता झाडं. हलवण्याच्या दृष्टीनं त्यांचे दोन गट पडतात. अनुबियास, जावा फर्न आणि जावा मॉस यांना मातीत मुळं रोवायची गरज नसते. पहिल्या दोघांचा आडवा, जाड खोडासारखा कंद असतो. तो खडीत पुरला की कुजतो. तोच दोऱ्यानं दगडाला किंवा लाकडाला बांधला की काही आठवड्यांत मुळं त्याला घट्ट धरतात. मग दगड उचलला की झाडही उचललं जातं. ज्यांना दर दोन-चार महिन्यांनी टँकचा चेहरा बदलावासा वाटतो, त्यांनी आपली बहुतेक हिरवाई अशी दगडांवरच वाढवावी. यापेक्षा सोपा उपाय मला माहीत नाही.

दुसरा गट मुळं धरून बसणाऱ्यांचा. त्यात अमेझॉन सोर्ड येतं, व्हॅलिसनेरिया येते, आणि सगळ्यात हळवं क्रिप्टोकोरीन. क्रिप्ट उपटून वीतभर अंतरावर लावलं तरी त्याची पानं विरघळू लागतात. आधी पान काचेसारखं आरपार दिसायला लागतं, त्यावर तपकिरी डाग पडतात, मग बोट लावताच चोथा होऊन गळतं. आठवड्याभरात जागेवर नुसते देठ उरतात, आणि बहुतेक लोक इथंच झाड मेलं म्हणून उपटून फेकतात. मूळ मात्र जिवंत असतं. कुजलेली पानं तेवढी काढून टाकायची आणि मुळाला हात लावायचा नाही. काही आठवड्यांत बारीक, टोकदार नवी पानं येतात आणि ती नव्या उजेडाला जुळवून घेतलेली असतात. या झाडाचं कूळ आपल्याही मातीतलं आहे. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस ही जात कोकणात, गोव्यात ओहोळांत आणि भातखाचरांच्या ओलाव्यात वाढते. तिथं पाणी चढतं, उतरतं, आटतं. जुनी पानं टाकून मुळापासून पुन्हा उभं राहणं तिला नवं नाही.

अमेझॉन सोर्ड मोठं झालं की त्याची मुळं अर्ध्या टँकखाली पसरतात. ते उपटताना तळाची सगळी घाण वर येते. जुन्या, जाड थराखाली खडी काळी पडलेली असेल आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो माशांना घातक आहे. त्यामुळे अशा झाडाभोवतीची मुळं आधी कात्रीनं कापावीत, नळीनं तिथली घाण ओढून घ्यावी आणि मगच झाड सावकाश वर घ्यावं. एका दिवशी तळाचा एखादाच कोपरा उकरलेला बरा.

दगडांच्या बाबतीत महाराष्ट्रातला माणूस सुदैवी. आपला काळा बेसॉल्ट पाण्यात फारसं काही सोडत नाही आणि हिरव्या पानांमागे तो फार उठून दिसतो. फक्त त्याच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे स्फटिक असतात. त्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाकून पाहावा. बारीक बुडबुडे आले तर तो चुन्याचा अंश, आणि तो पाणी जड करतो. संगमरवराचे तुकडे, शंख-शिंपले यांचंही तेच. वजनदार दगड खडीवर ठेवू नयेत. ते थेट तळावर पातळ फोमचा तुकडा घालून बसवावेत आणि खडी नंतर भोवती ओढावी, म्हणजे माशांनी खालून उकरलं तरी दगड काचेवर कलंडत नाही. जपानच्या ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी घरातल्या टँकला निसर्गदृश्याचं रूप दिलं. त्यांच्या दगडांच्या रचनांत सर्वांत मोठा दगड मध्यावर नसतो, एका बाजूला असतो आणि किंचित झुकलेला असतो. दोन फुटी टँकमध्येही एवढं एक पाळलं तर खोली जाणवते.

माशांना मात्र दृश्याशी देणंघेणं नाही, त्यांना हद्द कळते. एंजल किंवा इतर सिक्लिड मासे ठरावीक दगड, ठरावीक पान आपलं मानतात आणि नव्या माशाला तिथून हुसकावतात. म्हणून नवा मासा सोडायच्या दिवशीच दगड-लाकडं हलवावीत. जुन्या हद्दी मोडतात आणि सगळ्यांनाच जागा नव्यानं शोधावी लागते. पानावर किंवा दगडावर अंडी असतील तर मात्र काहीही हलवू नये.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी आधी सगळी बटणं बंद करायची, हीटरचं तर विसरता कामा नये, कारण तापलेला हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते. पाणी तिसऱ्या हिश्शाहून जास्त काढायचं नाही. मासे टँकमध्येच राहू द्यावेत, जाळीनं पाठलाग करण्यापेक्षा ते बरं. पाणी परत ओतताना तळाशी एक बशी ठेवून तिच्यावर ओतलं की खडी उसळत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन मारणारं औषध घालायचंच. पुढचे दोन-तीन दिवस खाणं निम्मं.

दिव्याचा बदल याच दिवशी करू नये, असं मी आवर्जून सांगेन. हललेली झाडं आठवडाभर नीट खात-पीत नाहीत. त्याच वेळी वरून दुप्पट उजेड पडला की तो झाडांऐवजी शेवाळ वापरतं. दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, मग नवा एलईडी लावून रोज सहा तासांपासून सुरुवात करावी आणि झाडांनी नवी पानं धरली की आठपर्यंत न्यावं. टायमर स्वस्त असतो, तो घ्याच. माशांना पापण्या नसतात, त्यामुळे काळोखात एकदम दिवा लागला की ते बिथरून काचेवर आपटतात. आधी खोलीतला दिवा, थोड्या वेळानं टँकचा, आणि बंद करताना उलट क्रम. अनुबियासचे दगड नव्या दिव्याच्या थेट खाली न ठेवता मोठ्या झाडांच्या सावलीत ठेवावेत. त्याची पानं फार सावकाश वाढतात आणि प्रखर उजेडात त्यांच्यावर काळे-हिरवे ठिपके बसतात.

हे ठिपके म्हणजे शेवाळाचाच एक प्रकार. ते, पानांना लोंबणारे हिरवे धागे आणि काचेवरची तपकिरी साय, या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे वळू.