पिंजरा भरतो कुठून?

नागपूरच्या महाराजबागेत १८९४ साली प्राणिसंग्रहालय सुरू झाले. आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. २०१८ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने त्याची मान्यता रद्द केली. विद्यापीठाने दाद मागितली आणि प्राणिसंग्रहालय चालू राहिले. त्यानिमित्ताने वर आलेला प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही: प्राणिसंग्रहालये मुळात असावीतच का?

ती बंद करा म्हणणाऱ्यांकडे माझा ओढा होता. जंगलात कित्येक चौरस किलोमीटरवर फिरणारा वाघ पिंजऱ्यात चार पावले जातो, वळतो, पुन्हा तीच चार पावले येतो. ते पाहून मुलाला वाघाविषयी काय कळते? पण विदर्भातल्या नोंदी पाहू लागलो, तसा आधी दुसराच प्रश्न विचारावा लागला. हे पिंजरे भरतात कुठून?

पूर्वी राजेरजवाड्यांची हौस पिंजरे भरत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती वाट जवळजवळ बंद केली. आज विदर्भातला वाघ पिंजऱ्यात येतो तो बहुधा माणसाशी गाठ पडल्यामुळे. साहेबरावचेच पाहा. २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात शिकाऱ्यांच्या सापळ्यात त्याचा पंजा अडकला आणि तो कायमचा अधू झाला. महाराजबागेतून तो पुढे गोरेवाड्याला आला. जानेवारी २०२० मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला कृत्रिम पंजा बसवून पाहिला; शुद्धीवर येताच त्याने तो काढून टाकला. या वाघाला सोडणार कुठे?

धडधाकट प्राण्याचेही सोपे नाही. अवनी वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात गोळीने मारली गेली. तिचा मादी बछडा पकडून पेंचमधल्या मोठ्या कुंपणात दोन वर्षे वाढवला. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात सोडले. दुसऱ्या वाघाशी झालेल्या झटापटीत ती जखमी झाली आणि त्याच महिन्यात मेली. जंगलात रिकामी जागा नसेल, तर पिंजऱ्याचे दार उघडणे म्हणजे सुटका नव्हे.

मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशाने प्राणिसंग्रहालये बंद करण्याचा निर्णय २०१३ मध्ये घेतला. प्रत्यक्षात शेवटची दोन सरकारी प्राणिसंग्रहालये बंद झाली ती मे २०२४ मध्ये. तिथले प्राणी जंगलात गेले नाहीत, बचाव केंद्रात गेले. पाटी बदलली, पिंजरा उरलाच. आपल्या कायद्यानेही २००२ च्या दुरुस्तीत बचाव केंद्राला ‘प्राणिसंग्रहालया’च्या व्याख्येत घेतले आहे.

मग बचाव केंद्र म्हटले की सारे निर्दोष? तसेही नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत बर्ड फ्लू निघाला आणि संशयाची सुई खाद्यातल्या कोंबडीकडे वळली. माणसाशी संघर्ष झाला म्हणून हे वाघ चंद्रपूरकडून आणलेले होते. बंदिस्त प्राणी आपले अन्न निवडत नाही. आपण देऊ ते खातो. त्यामुळे त्याच्या मरणाचा हिशेबही आपल्याच खात्यावर मांडावा लागतो.

गोरेवाड्यात दोन व्यवहार शेजारी शेजारी चालतात. एकीकडे बचाव केंद्र आहे. दुसरीकडे २६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेली, तिकीट काढून पाहायची सफारी आहे. पुढच्या आराखड्यात आफ्रिकन सफारीही आहे. पहिल्यात आपण केलेली इजा निस्तरली जाते. दुसऱ्याचा आराखडा मात्र परक्या प्राण्यासाठी नवे कुंपण घालू पाहतो. तिकिटाच्या पैशातून बचाव केंद्र चालते, असा युक्तिवाद होतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. पण इस्पितळ चालवण्यासाठी रुग्ण दाखवून पैसे घ्यावेत का, याचे उत्तर माणसांच्या बाबतीत आपण केव्हाच दिले आहे.

शिवाय संवर्धनाला प्रेक्षक लागतातच असे नाही. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात प्रेक्षकांविना वाढवलेली गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये पेंच आणि ताडोब्यात आणली गेली.

म्हणून ‘सगळी बंद करा’ या मागणीत मी थोडा बदल सुचवतो. प्रदर्शनासाठी नवे प्राणी आणणे आणि त्यांची पैदास करणे आज थांबवता येईल. महाराजबागेसारख्या ठिकाणी आहेत त्या प्राण्यांना अखेरपर्यंत नीट सांभाळावे, मोकळ्या झालेल्या पिंजऱ्यात दुसरा प्राणी आणू नये. बचाव केंद्रे मात्र लागतील; त्यांना सरकारी तिजोरीतून पैसा आणि पुरेसे पशुवैद्य मिळाले पाहिजेत. ती किती लागतील हे ठरणार आहे गोरेवाड्याच्या कुंपणाबाहेर: चंद्रपूरच्या शेताच्या बांधावर, वीजप्रवाह सोडलेल्या तारेवर, दोन जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यातून जाणाऱ्या रस्त्यावर. तिथे काही बदलले नाही, तर महाराजबागेला कुलूप लावून आपण फक्त पिंजरा नजरेआड करू.