सूची नवी, गोषवारा जुना

१ ऑगस्ट १९४९ रोजीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. वाळवा, तासगांव, खानापूर हे तालुके नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत गेले; १९६० सालीं त्याच जिल्ह्याला सांगली हें नांव मिळालें. आतां अशी कल्पना करा कीं, सातारच्या कचेरींतील एका कारकुनानें दप्तराचीं कपाटें नीट लावलीं, गांववार सूची नवी करून घेतली, पण भिंतीवरचा तालुकावार गोषवारा मात्र विभाजनापूर्वींचाच राहूं दिला. सूची बिनचूक आहे. परंतु गोषवाऱ्यावरून कामाचा अंदाज बांधणारा अधिकारी फसणारच. संगणकाच्या डेटाबेसमध्यें हा प्रकार नित्य घडतो, आणि त्याविषयींच आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

डेटाबेसमधील इंडेक्स म्हणजे ग्रंथाच्या शेवटीं असते तशी सूचीच. नवी नोंद येतांच तिची जागा इंडेक्समध्येंही त्याच वेळीं लागते. म्हणून इंडेक्स सहसा खोटें बोलत नाहीं. शिळी होते ती आंकडेवारी, म्हणजे कोणत्या स्तंभांत कोणतें मूल्य अदमासें किती वेळां येतें याचा गोषवारा. एसक्यूएल सर्व्हरमध्यें तो फार तर २०० पायऱ्यांत मांडलेला असतो. प्रश्न आला कीं ऑप्टिमायझर नांवाचा भाग प्रथम हा गोषवारा पाहतो. नोंदी थोड्या असतील तर सूचींतून एकेक शोधाव्या. पुष्कळ असतील तर सगळें दप्तर सरळ वाचून काढावें, हा निर्णय तो करतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्यें कृष्णा आणि वारणा यांच्या पुरानें शिराळा, वाळवा, पलूस व मिरज या तालुक्यांत हाहाकार उडविला. समजा, नुकसानीच्या अर्जांची एक मोठी नोंदवही डेटाबेसमध्यें आहे. गोषवारा तयार झाला तेव्हां पलूसचे अर्ज होते ४०. पुरानंतर झाले ४०,०००. ऑप्टिमायझर अजून चाळीसच समजतो आणि एकेक अर्ज सूचींतून हुडकीत चाळीस हजार खेपा घालतो. यंत्राला त्याचें कांहीं वाटत नाहीं. खिडकीपाशीं उभ्या असलेल्या, घर वाहून गेलेल्या माणसाला मात्र वाटतें.

आतां देखभालीकडे वळूं. इंडेक्सचीं पानें विस्कळीत झालीं कीं तीं दोन प्रकारें नीट करतां येतात. एसक्यूएल सर्व्हरमध्यें ‘रिबिल्ड’ केलें तर इंडेक्स मुळापासून नवा बांधला जातो, आणि सगळ्या नोंदी वाचल्याच जात असल्यामुळें त्याची आंकडेवारीही पूर्णपणें नवी होते. विभागलेले इंडेक्स हा याला एक अपवाद. ‘रिऑर्गनाइझ’मध्यें पानें केवळ जागेवर लावलीं जातात, आंकडेवारीला हातही लागत नाहीं. इंडेक्सच्या बाहेरील स्तंभांची आंकडेवारी तर रिबिल्डनेंही बदलत नाहीं.

येथें एक गमतीची चूक होते. कित्येकजण रिबिल्ड झाल्यावर लगेच सगळीच आंकडेवारी पुन्हां काढतात, तीही कांहीं पानांच्या नमुन्यावरून. म्हणजे पूर्ण मोजणी करून मिळालेला आंकडा पुसून त्या जागीं अंदाज लिहावयाचा! उलट, रिबिल्डनंतर काम झपाट्यानें होऊं लागलें म्हणून तिचे गोडवे गाणाऱ्यांनीं एकदां नुसती आंकडेवारी ताजी करून पाहावी. माझ्या मतें पुष्कळदां गुण त्या स्वस्त औषधाचा असतो आणि श्रेय महागड्या शस्त्रक्रियेला मिळतें.

पोस्टग्रेसमध्यें ‘रीइंडेक्स’नें स्तंभांची आंकडेवारी नवी होत नाहीं, त्यासाठीं ‘अ‍ॅनालाइझ’ ही निराळी आज्ञा द्यावी लागते.

यंत्र हें काम आपण होऊन करीत नाहीं काय? करतें, पण उशिरां. एसक्यूएल सर्व्हरच्या जुन्या नियमाप्रमाणें सुमारें २० टक्के नोंदी बदलल्याखेरीज आंकडेवारी नवी होत नसे. एक कोटी नोंदींच्या वहींत म्हणजे वीस लाख बदल. २०१६ च्या आवृत्तीपासून मोठ्या वह्यांना नवा नियम लागला, आणि तीच मर्यादा एक लाखावर आली. पुराच्या आठवड्यांत पलूसचे चाळीस हजार अर्ज या दोन्ही मर्यादांच्या आंतच राहतात.

म्हणून रात्रीच्या देखभालींत क्रम असा ठेवावा: जेथें रिऑर्गनाइझ झालें तेथें, आणि इंडेक्सबाहेरील स्तंभांवर, आंकडेवारी नवी करावी, जेथें रिबिल्ड झालें तेथें ती तशीच राहूं द्यावी. प्रत्येक गोषवारा शेवटीं केव्हां काढला आणि त्यानंतर किती नोंदी बदलल्या, हें डेटाबेस स्वतःच सांगतो. तें विचारून मगच हात घालावा.