ऑपरेशननंतर चढणारं वजन



आमच्या ग्रामसंघातल्या एका ताईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली. त्या घरी आल्यावर सगळ्यांनी माया केली. कुणी शिरा नेला, कुणी डिंकाचे लाडू, कुणी घरचं तूप. अंगात ताकद यायला पाहिजे ना! वर्षभरात ताई चांगल्या भरल्या. आम्ही म्हटलं, बाई सुधारली. तपासणीला मात्र डॉक्टर वजनावरून बोलले. ताई चिडल्या, "आजार छातीत, आणि हे माझ्या पोटाचं काय काढून बसलेत?"

प्रश्न बरोबर आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या निम्म्याहून जास्त गाठी इस्ट्रोजेन या हार्मोनवर पोसतात. पाळी चालू असते तोवर ते मुख्यतः अंडाशयात तयार होतं. पाळी गेली की ते काम थांबतं, पण अंगावरच्या चरबीत इस्ट्रोजेन तयार होतच राहतं. चरबी जास्त, तर तेही जास्त. पोट सुटलं की रक्तातलं इन्सुलिनही वाढतं, आणि त्यानेही गाठीला बळ मिळतं.

२०१४ साली शास्त्रज्ञांनी ८२ अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले. त्यात २ लाखांहून जास्त रुग्ण स्त्रिया होत्या. योग्य वजनाच्या गटात १०० जणी दगावल्या, तर तेवढ्याच मोठ्या लठ्ठ स्त्रियांच्या गटात साधारण १४१. अगदी बारीक स्त्रियांमध्येही मृत्यूचं प्रमाण थोडं जास्तच दिसलं. म्हणजे "मी काडीसारखी, मला काय होतंय" हेही खरं नाही. गाठ लागली तर बारीक असो की जाड, लगेच दाखवायचं. आणि जिला आजार झाला तिला "खाऊन खाऊन ओढवून घेतलं" असं म्हणणं तर पापच. लठ्ठपणाने धोका वाढतो, पण एखादीला कॅन्सर नेमका का झाला हे डॉक्टरही सांगू शकत नाहीत.

वजन उतरवायचं कधी, यात मोठी गल्लत होते. केमो चालू असताना उपास, डाएट काही नको. तेव्हा तोंडाला चव नसते, डाळ, अंडं, दूध जे पोटात जाईल ते जाऊ द्या. उपचार संपल्यावर, डॉक्टरांना विचारून, हळूहळू. शिलाईची टेप घरात असतेच. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचाच्या, आत असावी असं डॉक्टर सांगतात. वजन उतरवलं की आजार उलटणारच नाही, हे अजून सिद्ध झालेलं नाही. पण ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सूज येण्याचा धोका जाड बाईला जास्त असतो, आणि शुगर, बीपी आटोक्यात राहायलाही उतरलेलं वजन कामी येतं.

आमच्या ताईंनी मात्र भलतंच ठरवलं होतं. रोजच्या हार्मोनच्या गोळीनेच अंग सुटतं म्हणून त्या गोळी बंद करणार होत्या! ती गोळी साधारण पाच वर्षं, कधी जास्तही, घ्यावी लागते. आजार परत येऊ नये म्हणूनच ती दिलेली असते. वजनाची तक्रार डॉक्टरांना सांगायची, गोळी आपल्या मनाने सोडायची नाही. आशाताईंनी दोनदा घरी जाऊन समजावलं, तेव्हा कुठे पटलं.

आता आम्ही लाडू नेत नाही. संध्याकाळी दोघी-तिघी जाऊन त्यांना सोबत घेतो आणि पाणंदीच्या टोकापर्यंत चालून येतो. कधी मूठभर भाजलेले हरभरे असतात, गप्पा तर असतातच.